जुन्या वर्कस्टेशनची रॅम वाढवताय? आधी मशीन काय स्वीकारतं ते बघा, मग पैसे काढा

सीमाभागातल्या छापखान्यांत, फोटो स्टुडिओंत आणि ड्रॉइंग ऑफिसांत एक दृश्य हमखास दिसतं. टेबलाखाली एचपी किंवा डेलचं काळं, जडशीळ वर्कस्टेशन. एखाद्या मोठ्या कंपनीनं चार-पाच वर्षं वापरून काढलेलं, रिफर्बिश्ड म्हणून घेतलेलं. बेळगावच्या उद्यमबागेतलं सुट्या भागांचं डिझाइन असो, इंदूर-वडोदऱ्यातल्या लग्नांचे अल्बम असोत की गोव्यातल्या छोट्या छापखान्यातल्या पत्रिका, सगळा धंदा त्या एका डब्यावर चालतो. मशीन दणकट असतं, प्रोसेसरही बऱ्यापैकी असतो. पण फाइल मोठी झाली की ते रडायला लागतं आणि कुणीतरी सल्ला देतं, "रॅम वाढवून घ्या."

सल्ला बऱ्याच वेळा बरोबर असतो. खरेदी मात्र चुकते. दुकानात जाऊन "16 जीबी द्या" एवढंच सांगितलं की घरी आणलेली स्टिक कधी स्लॉटमध्ये बसतच नाही. कधी बसते, पण मशीन बीप वाजवत राहतं आणि स्क्रीन काळी ती काळीच. साध्या पीसीपेक्षा वर्कस्टेशनमध्ये ही चूक जास्त होते, कारण तिथं रॅमचे प्रकारच जास्त आहेत. म्हणून "किती जीबी" हा प्रश्न शेवटी विचारायचा. पहिला प्रश्न एकच : हे मशीन कोणती रॅम स्वीकारतं?

खरंच रॅम कमी पडतेय का?

पैसे खर्च करण्याआधी पाच मिनिटांची तपासणी करावी. नेहमीचं सगळं काम एकदम उघडावं, म्हणजे मोठी फाइल, ब्राउझर, हिशेबाचं सॉफ्टवेअर, जे रोज चालू असतं ते सगळं. मग विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर जावं.

मेमरीचा आकडा सतत नव्वद टक्क्यांच्या आसपास असेल आणि त्याच वेळी हार्ड डिस्कही शंभर टक्क्यांवर धडपडत असेल, तर रॅम कमी पडतेय. जागा संपल्यामुळे विंडोज रॅममधला माल डिस्कवर टाकतंय आणि पुन्हा आणतंय. इथं रॅम वाढवली की फरक लगेच कळतो.

मेमरी निम्मी रिकामी आणि डिस्क मात्र शंभर टक्के, असं दिसलं तर दोष जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा. तिथं आधी एसएसडी बसवावी. प्रोसेसरच शंभर टक्क्यांवर अडकलेला असेल तर कितीही रॅम घातली तरी काम तेवढ्याच वेगानं होणार.

आणखी एक गोष्ट डीटीपीवाल्यांनी लक्षात ठेवावी. पेजमेकरसारखी जुनी सॉफ्टवेअर 32 बिटची आहेत. असा एक प्रोग्रॅम फार तर 4 जीबीपर्यंतच जागा हाताळू शकतो, बहुतेक जुने तर 2 जीबीवरच थांबतात. मशीनमध्ये 32 जीबी घातली म्हणून पेजमेकर पळायला लागत नाही. विंडोजच 32 बिटचं असेल तर संपूर्ण मशीनला साधारण 4 जीबीच्या आतच भागवावं लागतं. अशा वेळी आधी 64 बिटचं विंडोज टाकावं लागेल, मगच नव्या रॅमचा उपयोग. विंडोज 7 होम प्रीमियम अजून कुठं चालू असेल तर त्याची मर्यादा 16 जीबी आहे, हेही ध्यानात असू द्यावं.

पहिली चाळणी : डीडीआरची पिढी

रॅमच्या पिढ्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. डीडीआर 2 आणि डीडीआर 3 या दोन्हींना 240 पिना असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. डीडीआर 2 ला 1.8 व्होल्ट लागतात, डीडीआर 3 ला 1.5. डीडीआर 4 आणि डीडीआर 5 ला 288 पिना आहेत आणि व्होल्टेज अनुक्रमे 1.2 आणि 1.1. खाच जुळत नसेल तर जोर लावू नये. स्लॉट तुटला तर बोर्डच गेला.

मॉडेलवरून पिढीचा अंदाज येतो. 2009 च्या सुमाराचं डेल प्रिसिजन टी 3500, 2012 चं एचपी झेड 420 आणि 2013 चं डेल प्रिसिजन टी 1700 ही डीडीआर 3 ची मशीन. 2014 मध्ये आलेलं एचपी झेड 440 आणि त्याच काळातलं डेल प्रिसिजन टी 5810 ही डीडीआर 4 ची.

लेबलवर 'पीसी3एल' असं लिहिलेली 1.35 व्होल्टची डीडीआर 3 रॅमही बाजारात मिळते. ती सहसा 1.5 व्होल्टवरही चालते, त्यामुळे तिला घाबरायचं कारण नाही.

दुसरी चाळणी : इथंच जास्त लोक फसतात

एकाच पिढीच्या, एकाच आकाराच्या, एकाच खाचेच्या दोन स्टिक पूर्ण वेगळ्या प्रकारच्या असू शकतात. वर्कस्टेशनसाठी हे प्रकार नीट समजून घ्यावेत.

साधी अनबफर्ड रॅम : घरच्या पीसीत असते ती. एका बाजूला सहसा आठ चिप. लेबलवरच्या आकड्यापुढं बहुधा 'यू' हे अक्षर.

ईसीसी अनबफर्ड रॅम : हिच्यात एक जादा चिप असते, आठऐवजी नऊ. ती जादा चिप चूक पकडण्यासाठी. साठवलेल्या माहितीतला एखादा बिट उलटला तर ईसीसी तो जागच्या जागी दुरुस्त करते, दोन बिट उलटले तर निदान चूक झाल्याचं ओळखते. लेबलवर आकड्यापुढं 'ई'.

रजिस्टर्ड रॅम : सर्व्हरची रॅम. चिपांच्या रांगेत मधोमध एक वेगळी छोटी चिप दिसते, ती रजिस्टर. लेबलवर 'आर'. हिचाच आणखी एक मोठ्या क्षमतेचा भाऊ आहे, लोड रिड्यूस्ड रॅम. तिच्या लेबलवर 'एल' हे अक्षर आकड्याच्या नंतर येतं. 'पीसी3एल' मधला 'एल' व्होल्टेजचा असतो, दोन्हींची गल्लत करू नये.

नियम साधा आहे. अनबफर्ड आणि रजिस्टर्ड एकत्र चालत नाहीत. एक जुनी अनबफर्ड आणि एक नवी रजिस्टर्ड घातली की मशीन सुरूच होणार नाही. ईसीसी आणि साधी अनबफर्ड एकत्र घातली तर काही बोर्ड चालू होतात, पण चूक दुरुस्तीची सोय बंद पडते. म्हणजे ईसीसीसाठी मोजलेले पैसे पाण्यात.

वर सांगितलेल्या मशीनचंच बघा. डेल टी 3500 कंपनीच्या माहितीपत्रकानुसार अनबफर्ड रॅम घेतं, ईसीसी किंवा साधी. टी 1700 लाही अनबफर्डच लागते. एचपी झेड 420 सोबत कंपनी ईसीसी अनबफर्ड रॅम देत असे. झेड 440 ला मात्र रजिस्टर्ड डीडीआर 4 लागते. दिसायला भावंडं वाटणाऱ्या झेड 420 आणि झेड 440 मध्ये एवढा फरक आहे.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बेंगळुरूचा एसपी रोड, सिकंदराबादचं चिनॉय ट्रेड सेंटर किंवा दिल्लीचं नेहरू प्लेस इथं जुन्या सर्व्हरमधून काढलेली 16 जीबीची रजिस्टर्ड स्टिक अनेकदा साध्या स्टिकपेक्षा स्वस्त मिळते. त्याचं कारण तिच्या दर्जात नसतं. घरच्या पीसीत ती चालत नाही, म्हणून गिऱ्हाईक कमी. झेड 440 असेल तर तो सौदा सोन्यासारखा. टी 1700 असेल तर ती स्टिक पेपरवेट म्हणून वापरावी लागेल.

अतिस्वस्त मिळणाऱ्या काही स्टिकवर 'फक्त एएमडीसाठी' असंही लिहिलेलं असतं. इंटेलच्या मशीनसाठी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

स्लॉट आणि चॅनल : जोडीनं, तिघांनी की चौघांनी?

प्रोसेसर रॅमशी एकापेक्षा जास्त वाटांनी बोलतो. त्या वाटांना चॅनल म्हणतात. साध्या पीसीत आणि टी 1700 मध्ये दोन चॅनल, टी 3500 मध्ये तीन, झेड 420 आणि झेड 440 मध्ये चार. सगळ्या वाटा भरल्या तरच पूर्ण वेग मिळतो.

आकडा बघितला की हे पटतं. डीडीआर 3 ची 1600 वेगाची रॅम एका चॅनलमधून सेकंदाला 12.8 जीबी माहिती नेऊ शकते. चार चॅनल भरले तर 51.2 जीबी. म्हणजे झेड 420 मध्ये 8 जीबीची एकच स्टिक घालणं म्हणजे चौपदरी रस्त्याच्या तीन लेन बंद ठेवणं. त्याऐवजी 4 जीबीच्या चार बऱ्या. रोजच्या पत्रव्यवहारात हा फरक जाणवणार नाही, पण व्हिडिओ एडिटिंग आणि मोठ्या ड्रॉइंगच्या कामात जाणवू शकतो.

टी 3500 मध्ये सहा स्लॉट आणि डेलची अधिकृत मर्यादा 24 जीबी. तिथं हिशेब तीनच्या पटीत करावा. 4 जीबीच्या तीन घातल्या तर 12, सहा घातल्या तर 24. साध्या पीसीच्या सवयीनं 4 जीबीच्या दोन घेतल्या तर तिसरी वाट मोकळीच राहते.

झेड 420 मध्ये आठ स्लॉट आहेत आणि 8 जीबीच्या आठ स्टिकनं 64 जीबी होते. आत्ता 4 जीबीच्या चार असतील, तर आणखी तशाच चार घालून 32 होते. किंवा जुन्या काढून 8 जीबीच्या चार घातल्या तरी 32 होते आणि चार स्लॉट पुढच्यासाठी मोकळे राहतात. पहिला मार्ग स्वस्त, दुसरा लांबचा विचार करणारा.

दोन प्रोसेसरची सोय असलेल्या मशीनमध्ये आणखी एक खाचखळगा. तिथं प्रत्येक प्रोसेसरचे स्लॉट वेगळे असतात. दुसरा प्रोसेसर बसवलेलाच नसेल तर त्याच्या वाट्याच्या स्लॉटमध्ये घातलेली रॅम मशीनला दिसणार नाही. स्टिक खराब म्हणून दुकानदाराशी भांडण्याआधी हे बघावं.

कोणता स्लॉट आधी भरायचा याचा क्रम कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला असतो, कित्येक मशीनमध्ये झाकणाच्या आतल्या बाजूलाही छापलेला असतो. तोच पाळावा.

वेग : सर्वात कमी महत्त्वाचा आकडा

लेबलवर 'पीसी3-10600', 'पीसी3-12800' असे आकडे असतात. पहिला म्हणजे 1333 वेगाची रॅम, दुसरा म्हणजे 1600 वेगाची. डीडीआर 4 मध्ये 'पीसी4-17000' म्हणजे 2133 आणि 'पीसी4-19200' म्हणजे 2400.

जास्त वेगाची स्टिक जुन्या मशीनमध्ये सहसा चालते, पण बोर्ड आणि प्रोसेसर झेपेल तेवढ्याच वेगानं. टी 3500 चा काळ 1066 आणि 1333 चा. तिथं 1600 ची स्टिक घातली तरी धावणार जुन्याच चालीनं. वेगवेगळ्या वेगाच्या स्टिक एकत्र घातल्या तर सगळ्या सर्वात हळू स्टिकच्या वेगानं चालतात. त्यामुळे वेगासाठी जादा पैसे मोजू नयेत. ते पैसे क्षमतेत घालावेत.

किती जीबी पुरे?

हिशेबाचं सॉफ्टवेअर, ईमेल आणि साधं डीटीपी यासाठी 8 जीबी भागते. फोटोशॉपमध्ये अल्बमची पानं, सोबत ब्राउझर आणि कोरल उघडं, असं काम असेल तर 16 जीबी धरावी. व्हिडिओसाठी ॲडोबीनं प्रीमियर प्रोकरता दिलेला सल्ला एचडीला 16 जीबी आणि 4के ला 32 जीबी किंवा जास्त असा आहे. कॅडची मोठी असेंब्ली उघडणाऱ्यांनीही 32 च्या आसपास विचार करावा.

एका स्टिकची क्षमता ठरवताना बोर्डाची मर्यादा बघायलाच हवी. डीडीआर 3 च्या काळातली मशीन अनबफर्ड प्रकारात सहसा 8 जीबीपर्यंतची स्टिक ओळखतात, त्याहून जुनी 4 जीबीवरच थांबतात. 16 जीबीची एकच घेऊन स्लॉट वाचवू, हा बेत तिथं फसतो.

सीमेपलीकडून खरेदी : बिल नीट घ्या

जुन्या मशीनची रॅम गावात मिळेलच असं नाही. बेळगाव, निपाणीचा माणूस कोल्हापूर-पुण्याला जातो किंवा माल कुरिअरनं मागवतो. व्यवसायाची जीएसटी नोंदणी असेल तर इथं सांभाळावं लागतं.

संगणकाच्या रॅमवर 18 टक्के जीएसटी आहे. दुसऱ्या राज्यातून माल मागवला की बिलावर आयजीएसटी हवा. त्याचं क्रेडिट आपल्या राज्यात मिळतं. विक्रेत्यानं स्वतःच्या राज्याचा सीजीएसटी-एसजीएसटी लावून बिल फाडलं, तर दुसऱ्या राज्यातल्या नोंदणीवर ते क्रेडिट घेता येत नाही. म्हणून ऑर्डर देतानाच स्वतःचा जीएसटी क्रमांक आणि माल पोचवायचा पत्ता लेखी द्यावा. क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात : महाराष्ट्र 27, कर्नाटक 29, गोवा 30, मध्य प्रदेश 23, गुजरात 24, तेलंगणा 36. बिल हातात आलं की ते आधी बघावं. कंपोझिशन योजनेत असलेल्या व्यावसायिकाला क्रेडिट मिळतच नाही, त्यानं करासकट किंमत हाच खर्च धरावा.

बिलावर स्टिकचा पूर्ण तपशील लिहून घ्यावा : पिढी, प्रकार, क्षमता, वेग. "या मॉडेलमध्ये न चालल्यास परत" असं मॉडेलच्या नावासकट लिहून घेतलं तर उत्तम. नुसतं "16 जीबी रॅम" लिहिलेल्या बिलावर नंतर काहीच सिद्ध करता येत नाही. वापरलेली रॅम घेताना तर हे अधिकच गरजेचं, कारण लेबल बदलूनही माल विकला जातो.

बसवताना आणि बसवल्यावर

मशीन बंद करून वायर काढावी आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवावं, म्हणजे आतली उरलेली वीज निघून जाते. स्टिकला हात लावण्याआधी डब्याच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. स्टिक कडेनं धरावी, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नये. खाच जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब दिला की खटका 'टक' करून बसतो.

कोकण, गोवा आणि बेळगावच्या पावसाळी हवेत एक जुना अनुभव असा की, बंद पडलेलं मशीन रॅम काढून, पट्ट्या साफ करून परत बसवली की चालू होतं. त्यासाठी मऊ खोडरबर हलक्या हातानं फिरवावं किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं कापड वापरावं. नवी रॅम घेण्याआधी हा बिनपैशाचा उपायही करून बघावा.

मशीन सुरू झाल्यावर बायोसमध्ये पूर्ण आकडा दिसतो का बघावं. सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्ये प्रत्येक स्लॉटमधल्या स्टिकचा खरा निर्माता, वेग आणि क्षमता दिसते. लेबल आणि आतली माहिती जुळत नसेल तर माल परत करावा. मग मेमटेस्ट86 प्लस रात्रभर चालू ठेवावं. एकही चूक दिसली तर ती स्टिक ठेवू नये. खराब रॅम मशीन नेहमी बंदच पाडते असं नाही. कधी ती गुपचूप फाइल बिघडवते, आणि ते कळतं ते प्लेट निघाल्यावर किंवा गिऱ्हाईक अल्बम घ्यायला दारात आल्यावर.

खर्च करावा का?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 साठीच्या प्रोसेसरच्या अधिकृत यादीत या लेखातली मशीन बसत नाहीत. बँकेचे व्यवहार आणि जीएसटी भरणा ज्या मशीनवर होतो, तिथं ही बाब गंभीर आहे. ते काम वेगळ्या, नव्या मशीनवर न्यावं किंवा जुन्यावर लिनक्स घालावं. फक्त डिझाइन किंवा एडिटिंगसाठी, इंटरनेटपासून दूर ठेवलेल्या मशीनला मात्र रॅम वाढवून आणखी काही वर्षं कामाला लावता येतं. रॅम, एसएसडी आणि मजुरी मिळून खर्च दुसऱ्या, नव्या पिढीच्या रिफर्बिश्ड मशीनच्या निम्म्यावर जात असेल तर थांबून विचार करावा.

दुकानात जाण्याआधी

मशीनचं पूर्ण मॉडेल आणि प्रोसेसरचं नाव लिहून घ्या. जुनी स्टिक काढून तिच्या लेबलचा स्पष्ट फोटो मोबाइलमध्ये घ्या. किती स्लॉट आहेत, किती भरलेत ते मोजा. मशीनला किती चॅनल आहेत आणि कमाल मर्यादा काय, हे कंपनीच्या पुस्तिकेत बघा. मग दुकानदाराला "16 जीबी द्या" असं सांगू नका. "झेड 420 साठी डीडीआर 3, ईसीसी अनबफर्ड, 1600 ची, 4 जीबीच्या चार" असं सांगा. एवढं नेमकं मागितलं की चुकीची स्टिक गळ्यात पडायची शक्यता फार कमी उरते.